नेसणे आणि घालणे : शिवलेल्या नऊवारीचे बेत व घरी शिवणाऱ्यांची मते

मराठी स्त्री-मासिकांतील आणि शिवणकामाच्या पुस्तिकांतील बेतांची पाने हा टीकालेखनाचा विषय होऊ शकतो, असे म्हटल्यास कित्येकांस ते चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ही पाने रूढ अर्थाने वाङ्मय नव्हेत. ती वाचून बाजूस ठेवण्यासाठी नसतात, कापडावर उतरविण्यासाठी असतात. परंतु नेमक्या याच कारणामुळे त्यांना असा एक वाचकवर्ग लाभलेला आहे की, त्याच्याइतका कठोर परीक्षक कवितेस वा कादंबरीस क्वचितच मिळतो. कादंबरीतील एखादे प्रकरण फसले तर वाचक ते ओलांडून पुढे जातो. बेत फसला तर साडी वाया जाते, आणि ती साडी पुष्कळदा आईची किंवा आजीची असते. अशा वाचकाचे मत विचारात घेण्याजोगे असलेच पाहिजे. तथापि ते छापील स्वरूपात फारसे आढळत नाही. शिवणवर्गात, मंगळागौरीच्या तयारीत, शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वीच्या धावपळीत ते बोलले जाते आणि तेथेच विरून जाते. प्रस्तुत लेखिकेने काही वर्षे अशा ठिकाणी कान देऊन जे ऐकले, त्यातील एका वादापुरताच हा लेख मर्यादित आहे. तो वाद शिवलेल्या नऊवारीचा.

नऊवारी लुगडे हे मुळात शिवावयाचे वस्त्र नव्हे. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे अखंड वस्त्र कमरेस गाठ मारून, पुढे निऱ्या घालून, दोन पायांमधून मागे काष्टा नेऊन आणि नेसण ब्राह्मणी असल्यास पोटाशी ओचा खोचून नेसावयाचे, हा त्याचा विधी. सुई व कात्री यांचा येथे संबंध नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित घरांतून पाचवारी-सहावारी 'गोल' साडीने त्याची जागा घेतली, आणि पुढे दोन-तीन पिढ्यांत नऊवारी नेसता येणारे हात कमी होत गेले. आता तीच नऊवारी लग्न, मंगळागौर, गुढीपाडव्याची शोभायात्रा, लावणी इत्यादी निमित्तांनी परत आली आहे, परंतु येताना ती शिवून आली आहे. दोन पायांचा लेंगा, त्यावर शिवून बसविलेल्या निऱ्या, मागे काठ दिसेल असा बसविलेला काष्टा, कमरेत नाडी किंवा इलॅस्टिक, आणि केवळ पदर मोकळा, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. तिच्या बेतांस बहुधा 'पारंपरिक नऊवारी घरच्या घरी शिवा' अशा धर्तीचे मथळे असतात.

या मथळ्यातील 'पारंपरिक' या शब्दाकडे पुढे वळू. प्रथम एका क्रियापदाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

वस्त्र अंगावर धारण करण्याच्या क्रियेस मराठीत एकच शब्द नाही. लुगडे व धोतर नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, पागोटे बांधतात, पदर घेतात आणि दागिने लेतात. इंग्रजीस या सर्वांसाठी एक क्रियापद पुरते. हिंदीतही 'पहनना' बरेचसे क्षेत्र व्यापते. मराठीने मात्र हे भेद जपले आहेत आणि ते आजचे नव्हेत. पालीमध्ये कमरेखालील वस्त्रास 'निवासेति' व वरच्या वस्त्रास 'पारुपति' अशी दोन निराळी क्रियापदे आहेत. आपले 'नेसणे' हे त्यांपैकी पहिल्याच्याच, म्हणजे नि-उपसर्गपूर्वक 'वस्' धातूच्या, कुळातले. 'पांघरूण' या शब्दाचे प्राकृत रूप 'पंगुरण' असे असून हेमचंद्राने ते 'प्रावरण' या संस्कृत शब्दाशी जोडले आहे. 'घालणे' याची जात अगदी निराळी. प्राकृत 'घल्लइ' म्हणजे फेकतो, टाकतो. आपण सदऱ्यात हात घालतो, पायजम्यात पाय घालतो. म्हणजे वस्त्र आधीच तयार असते, त्यास आकार असतो आणि त्या आकारात आपण शरीर टाकतो. नेसताना असा तयार आकार कोठेच नसतो. वस्त्रास आकार शरीरावरच मिळतो आणि सोडले की तो नाहीसा होतो. 'नेसणे' यापासून रीत दाखविणारे 'नेसण' हे नाम होते, दुसरीने नेसवावयाचे तर 'नेसवणे' हे प्रयोजक रूप होते, आणि अंगावरच्या वस्त्रास 'नेसूचे' म्हणतात. 'घालणे' यास रीतवाचक नाम नाही, कारण घालण्याची रीत वस्त्रानेच ठरविलेली असते.

आता शिवलेल्या नऊवारीस कोणते क्रियापद लावावयाचे? बेतांच्या पानांवर ते जवळजवळ टाळलेले आढळते. 'परिधान करावी', 'लुक पूर्ण होतो', 'तयार व्हावे' अशा आडवाटांनी वाक्य पुढे नेले जाते. घरी शिवणाऱ्या स्त्रियांना अशी पळवाट नसते, कारण त्यांना बोलावे लागते. आणि येथेच त्यांचा टीकाविचार, तो विचार आहे याची जाणीव नसतानाही, अत्यंत स्पष्ट होतो. ज्यांना तो बेत मान्य नाही त्या 'शिवलेली घातली' असे म्हणतात, आणि 'घातली' यावर किंचित आघात देतात. ज्यांना तो मान्य आहे त्या 'नऊवारी नेसले' असेच म्हणतात, शिवलेली असली तरी. काहीजणी 'चढवली' म्हणतात. यात थोडा विनोद आहे, थोडी कबुलीही आहे. एकाच संभाषणात एकच बाई मुलीविषयी 'घातली' आणि स्वतःविषयी 'नेसले' म्हणताना ऐकिवात आहे. क्रियापदाच्या निवडीत संपूर्ण अभिप्राय सामावल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

विरोधी मतांतील पहिला मुद्दा शिवणीचा आहे, भावनेचा नव्हे, आणि तो मुद्दाम सांगणे अवश्य आहे. अशा विषयावर लिहिणारे बहुधा 'परंपरा लोपत चालली' असा सूर लावून मोकळे होतात. शिवणाऱ्यांची तक्रार आसनाच्या मापापासून सुरू होते. नेसलेल्या नऊवारीत मांडी घालून बसले असता कापड सरकते, काष्टा सैल होतो, उठल्यावर चिमटीने पुन्हा ओढून घेता येतो. शिवलेल्या नऊवारीत हे सरकणे बंद झालेले असते, म्हणून सगळा ताण आसनाच्या शिवणीवर येतो. बेतात आसन पायजम्याच्या हिशेबाने दिलेले असते. परंतु पायजम्यावर निऱ्यांचा भार नसतो आणि मागे काठाची पट्टी ओढून धरलेली नसते. म्हणून अनुभवी बाई छापील मापात दोन-तीन इंच वाढवूनच कापते आणि 'काष्टा ओढतो' एवढेच सांगते. या दोन शब्दांत बेताचे जे परीक्षण आहे ते पानभर लिहूनही साधणार नाही. ओच्याची गोष्ट अशीच. नेसलेला ओचा हा निऱ्यांचा उरलेला भाग असतो, त्यास पोट असते, पूर्वी त्यात सुपारी-पैसा ठेवीत. बेतातील ओचा निराळा तुकडा कापून वरून बसविलेला. तो दिसतो, परंतु कशाचा उरलेला नसतो. त्यास 'खोटा ओचा' म्हणतात. हे विशेषण सौंदर्यशास्त्रातील एखाद्या पारिभाषिक शब्दाइतके नेमके आहे, असे मला वाटते.

दुसरा मुद्दा नावाचा. 'नऊवारी' हे नाव लांबीचे आहे, नेसणीचे नव्हे. जुन्या बायका 'लुगडे' म्हणत, वारांचा उल्लेख विकत घेताना होई. सहावारी आल्यावर भेद दाखविण्यासाठी 'नऊवारी' हे मापच वस्त्राचे नाव बनले. (मापावरून वस्तूस नाव मिळण्याचे 'खण' हे दुसरे उदाहरण; एका चोळीपुरते कापड म्हणजे खण.) आता अनेक बेत सहावारी साडीतूनच नऊवारी काढून दाखवितात. 'सहा वारांत नऊवारी' ही शब्दरचना आपल्या पोटात विसंगती घेऊन छापली जाते आणि तिच्याविषयी पानावर एक अक्षरही नसते. शिवणाऱ्यांत यावरून उघड दोन पक्ष आहेत. एका पक्षास त्यात काटकसर व चातुर्य दिसते, आणि ते आहेच. बेतणारीची बुद्धी शिल्लक कापडावरूनच ओळखावी, ही आपली जुनी कसोटी आहे. दुसरा पक्ष विचारतो की, तीन वार कमी पडले ते कोठून? निऱ्यांतून. म्हणून निऱ्या मोजक्या, चापट आणि इस्त्रीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या दिसतात, चालताना त्यांचा झोत पडत नाही.

मथळ्यांतील इतर नावांविषयी थोडक्यात. 'पेशवाई', 'मस्तानी', 'शाही मस्तानी', 'राजलक्ष्मी' ही नावे बाजारातून पानांवर आली आहेत. १७४० साली निधन पावलेल्या मस्तानीच्या वस्त्रांविषयीचा कोणताही पुरावा या बेतांस जोडलेला नसतो, आणि जोडावा असे कोणास वाटतही नाही. 'बाजीराव मस्तानी' या २०१५ च्या चित्रपटातील नृत्याच्या वेशभूषेवरून आक्षेप घेतले गेले, तेव्हा इतिहासाचा हा प्रश्न चर्चेत आला होता. बेतांच्या पानांपर्यंत तो पोहोचला नाही. घरी शिवणाऱ्या या नावांस फारसे महत्त्व देत नाहीत, ही समाधानाची गोष्ट. त्या 'पंख्याच्या निऱ्यांची' किंवा 'समोर काठ येणारी' असे वर्णनच करतात, म्हणजे नामकरण रचनेवरून करतात, आणि ते अधिक शास्त्रशुद्ध आहे.

तिसरा मुद्दा कात्रीचा आहे आणि तो या वादाचा मर्मभाग होय. लुगडे कापणे हे आपल्याकडे अशुभ मानलेले नाही, असे म्हटल्यास कोणी आक्षेप घेईल. परंतु लुगड्याचा जीवनक्रम पाहावा. ते नवे असताना सणाचे, मग रोजचे, विटल्यावर दंड घालून आणखी काही वर्षांचे, आणि शेवटी गोधडीचे किंवा तान्ह्याच्या दुपट्याचे. गोधडीसाठी लुगडे फाडताना कोणाचा हात थरथरत नसे. कात्री वर्ज्य नव्हती. तिची पाळी शेवटी होती. शिवलेल्या नऊवारीत ती पाळी प्रथम येते. साडी नवी, रेशमी, काठाची. आणि तिचे पहिले बरेवाईट म्हणजे तिचे तुकडे. एकदा कापली की ती पुन्हा सहावारी म्हणून नेसता येत नाही, मुलीस देता येत नाही, कारण मुलीची कंबर व उंची आईची नसते. नेसावयाचे वस्त्र तीन पिढ्यांच्या तीन देहांस चालते, गरोदर बाईसही चालते. शिवलेले वस्त्र ज्या मापाचे शिवले त्या मापाचेच राहते. म्हणूनच जाणत्या शिवणाऱ्या आजीची साडी या बेतासाठी देत नाहीत, त्यासाठी स्वस्त साडी विकत आणतात. तसेच सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, असे मानणाऱ्या घरांत पूजेस ती नऊवारी उपयोगाची नसते, हा व्यावहारिक अडथळाही सांगितला जातो. या तिन्ही गोष्टी बेताच्या पानावर दोन ओळींत लिहिता आल्या असत्या. तेथे 'साडी घ्या' एवढेच असते, कोणती साडी घेऊ नये हे नसते.

समर्थक पक्षाचे म्हणणे लहान आहे, परंतु त्यास वजन आहे. सहा वर्षांच्या मुलीस नाचासाठी नेसविलेली नऊवारी रंगमंचावर सुटते. सांध्यांच्या दुखण्याने ज्यांची बोटे वळत नाहीत त्यांना निऱ्या धरता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मराठी बाईस गणपतीत नेसविणारी कोणी शेजारी नसते. शिवलेली नऊवारी नसती तर या स्त्रिया नऊवारीच्या वाटेसच गेल्या नसत्या. नेसता येणे हा एके काळी घराघरांतला सामान्य संस्कार होता. आता ते मोजक्याच हातांत राहिलेले कसब आहे, आणि ते नसल्याबद्दल कोणास उणे लेखणे अन्यायाचे होईल. येथपर्यंत माझी पूर्ण संमती आहे. माझा आक्षेप शिवण्यास नाही, शिवण्याविषयीच्या लिखाणास आहे.

या पानांची भाषा पाहावी. 'कापडाची चौपदरी घडी घालावी. ० ते १ पूर्ण उंची अधिक दोन इंच. १ ते २ सीटचा एक-चतुर्थांश.' क्रियापद विध्यर्थी, कर्ता अनुक्त, शरीर अंकांत विरघळलेले. पोलक्याच्या, परकराच्या बेतास ही भाषा चोख आहे, कारण तेथे कागदावरचा आकार व कापडाचा आकार एकच. तोंडी शिकवण याच्या उलट असते. आजी नातीस नेसविते तेव्हा 'इथे धर, एवढी चिमूट घ्यायची, वीतभर सोडायची, आता वाक, आता खोच' अशी वाक्ये येतात. मापे वीत, बोटे, हात यांची, दर्शके 'इथे', 'असे', 'एवढे', आणि क्रियापद '-आयचे' या रूपात किंवा आज्ञार्थात. ही भाषा समोर देह असल्याखेरीज अर्थ देत नाही, म्हणून ती छापता येत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. शांताल बुलांजे या संशोधिकेने साडी नेसण्याच्या शंभरांवर भारतीय रीती टप्प्याटप्प्यांच्या आकृतींनिशी नोंदविणारा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध केला. गो. स. घुर्ये यांच्या १९५१ च्या भारतीय वेषभूषेवरील ग्रंथात इतिहास आहे, कृती नाही. बुलांजे यांच्या ग्रंथात कृती आहे. नेसण लिहिता येते. आमच्या मासिकांनी ती लिहिण्याऐवजी पायजम्याच्या भाषेत तिचे भाषांतर केले, आणि पायजम्याच्या भाषेत गाठ, खोच आणि सैलपणा यांस शब्दच नाहीत. गोव्यातील कुणबी स्त्रियांच्या खांद्यावरच्या गाठीचे असे भाषांतर करू पाहणाऱ्यास ही अडचण आणखीच जाणवेल.

तुलनेसाठी जर्मन उदाहरण उपयोगी पडेल. ऑफेनबुर्ग येथे एने बुर्डा (१९०९–२००५) यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या शिवणमासिकाने कागदी बेत जगभरच्या घरांत नेले. त्यांचा बेतकागद प्रसिद्ध आहे. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या, आणि शिवणीसाठी लागणारी जादा जागा त्यात धरलेली नसते, ती ज्याची त्याने सोडावयाची. (या जादा जागेस आपल्या शिंप्यांनी 'माया' हा शब्द योजिला आहे. कागदाने न दिलेली माया बाईने आपल्या हाताने सोडावी, यावर अधिक भाष्य नको.) रेषांच्या या जंजाळाविषयी घरी शिवणाऱ्यांची कुरकूर तिकडेही आहे. त्या मासिकातून आल्प्सच्या परिसरातील 'डिर्न्डल' या वेषाचे बेत येत असतात. डिर्न्डल मुळातच शिवावयाचा वेष, म्हणून बेताने त्याचा स्वभाव बिघडत नाही. तेथील प्रश्न निराळाच आहे. ज्यास 'पारंपरिक' म्हणतात तो वेष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यात खेड्यांत राहावयास जाणाऱ्या शहरी लोकांनी लोकप्रिय केला. म्युनिचमधील वालाख हे ज्यू बंधू त्याच्या प्रमुख प्रसारकांपैकी होते. पुढे १९३८ मध्ये साल्झबुर्ग भागात ज्यूंना तो घालण्यास बंदी करण्यात आली, आणि नाझी राजवटीत इन्सब्रुक येथे गेर्ट्रूड पेसेनडोर्फर यांच्या देखरेखीखाली त्याचा गळा, बाह्या व कंबर यांची 'सुधारणा' झाली. बेतावरील 'पारंपरिक' हा शब्द यांतील कोणता कालखंड सूचित करतो? तो काहीच सूचित करीत नाही, आणि हेच त्याचे काम असते. आपल्या पानांवरील त्याच शब्दाचे कार्य याहून भिन्न नाही. ब्राह्मणी नेसण, कोळणीची गुडघ्यापर्यंतची नेसण, शेतात काम करणाऱ्या बाईची नेसण या सर्व पारंपरिकच. बेत त्यांपैकी बहुधा पहिलीचाच असतो आणि नाव मात्र सर्वांचे घेतो. कोळीवाड्यातील एखादी शिवणारी हे पान पाहून 'ही आमची नव्हे' म्हणते, तेव्हा ती मासिकाच्या संपादनातील दोषच दाखवीत असते.

खणाच्या चोळीचे बेत याहून बरे आहेत. चोळी शिवलेलीच असते. तेथील तक्रार केवळ पन्ह्याची. गुळेदगुडचा जुना खण अरुंद पन्ह्याचा आणि दोन्ही अंगांस काठ असलेला. छापील बेत रुंद कापड गृहीत धरतो. मग बाह्या बसत नाहीत, किंवा बसल्या तर काठ भलतीकडे जातो. जुन्या चोळीत सरळ तुकडे जोडून पुढे गाठ मारीत, म्हणून तसूभर कापड वाया जात नसे. हे ज्ञान अजून जिवंत आहे आणि कोणत्याही मासिकास सहज मिळविता येईल.

नऊवारीच्या बाबतीत शिवणाऱ्यांनीच एक तोड काढलेली आहे. ती आता काही ठिकाणी छापूनही येऊ लागली आहे. साडी न कापता, घड्या व निऱ्या जागच्या जागी धरून, ठराविक ठिकाणी कच्चे टाके घालावयाचे आणि समारंभ झाला की ते उसवून साडी पुन्हा अखंड करावयाची. यासाठी प्रथम ती एखाद्या देहावर नेसवूनच पाहावी लागते, टाके कोठे पडतात ते तेव्हाच कळते. म्हणजे ज्या घरात ही रीत चालते तेथे निदान एका बाईस नेसविता येणे भाग असते. या प्रकारास काय म्हणावे याविषयी अद्याप एकमत झालेले नाही. 'न कापता शिवलेली' असे पानांवर छापतात. बोलण्यात मात्र 'टाचून नेसलेली' हा प्रयोग अधिक ऐकू येतो, आणि त्यात क्रियापद 'नेसणे' हेच आहे.